आर्डमोर: सेंट डेक्लनची विहीर, कड्यावरचं पडकं चर्च आणि फेऱ्यांची पद्धत

चुनागच्ची

आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर, वॉटरफर्ड काउंटीत आर्डमोर हे छोटं गाव आहे. कॉर्ककडची मराठी मंडळी उन्हाळ्यात तिथे समुद्रावर जातात, उंच गोल मनोऱ्याचा फोटो काढतात आणि परततात. विहीर बहुतेकांची राहून जाते, कारण ती मनोऱ्यापाशी नाहीच. म्हणून हा धागा. ज्यांना तिथलं नीट ठाऊक आहे त्यांनी भर घालावी.

आधी जागा समजून घ्या. गावात डेक्लनच्या नावाच्या तीन वेगवेगळ्या जागा आहेत. एक, गावावरची टेकडी: गोल मनोरा, बिनछपराचं कॅथेड्रल आणि सेंट डेक्लनची छोटी प्रार्थनाखोली. दोन, किनाऱ्यावरचा 'सेंट डेक्लनचा दगड'. तीन, गावाच्या पूर्वेला कड्यावरचं टेंपल डिझर्ट हे पडकं चर्च आणि त्याच्या कुशीतली पवित्र विहीर. जत्रेच्या दिवशी, म्हणजे 24 जुलैला, या तिन्हींचं मिळून एक क्षेत्र होतं. एक जागा सुटली तर बाकीच्या दोन अर्ध्याच कळतात.

डेक्लन हा डेशी, म्हणजे या भागातल्या जुन्या जमातीच्या, लोकांचा संत. सेंट पॅट्रिकच्या आधीच आयर्लंडमध्ये धर्मप्रसार करणाऱ्या चार संतांत परंपरा त्याला मोजते. त्याचं लॅटिन चरित्र मात्र 12 व्या शतकातलं, म्हणजे ज्या काळाबद्दल ते बोलतं त्याच्या सुमारे सातशे वर्षं नंतरचं. त्यामुळे त्यातल्या कथांना इतिहास म्हणून नाही, 12 व्या शतकात आर्डमोरच्या मठाला आपल्याबद्दल काय सांगायचं होतं याचा पुरावा म्हणून वाचावं. चरित्र सांगतं की उतारवयात डेक्लन माणसांच्या वर्दळीपासून दूर, समुद्राकाठच्या एका झोपडीत राहायला गेला. टेंपल डिझर्टची जागा तीच, असं गाव मानतं.

ओहोटी_भरती

छान धागा. वाटेचं मी लिहितो.

कॉर्क ते वॉटरफर्ड हा एन-25 रस्ता. यॉल ओलांडल्यावर आर्डमोरचा फाटा लागतो. गाडी नसेल तर कॉर्कहून यॉलमार्गे बस आहे, पण आर्डमोरपर्यंत जाणाऱ्या फेऱ्या थोड्या आहेत आणि रविवारी आणखी कमी. परतीची शेवटची बस आधी पाहून ठेवा.

गावातून पूर्वेकडे चढणारा रस्ता कड्यावरच्या हॉटेलापाशी संपतो. पाटी हॉटेलची असल्याने पुढे खाजगी जागा आहे असं समजून लोक इथूनच मागे फिरतात. तसं नाही. हॉटेलाच्या बाजूने कड्यावरची पायवाट सुरू होते आणि काही मिनिटांतच डिझर्टचे अवशेष दिसतात. पायवाट पुढे साधारण 4 किलोमीटरचा वळसा घेत टेकडीवरच्या मनोऱ्याशी येते, सावकाश दीड तास. वाटेत 1987 च्या वादळात खडकांवर आदळलेल्या 'सॅमसन' या क्रेनच्या तराफ्याचा सांगाडा, टेहळणीच्या जुन्या चौक्या आणि फादर ओडॉनेलची विहीर लागते. ही वेगळी विहीर, डेक्लनची नव्हे. फोटोंमध्ये या दोघींची नेहमी गल्लत होते.

विहिरीकडून सुरुवात करून मनोऱ्याकडे उतरा. उलटं केलंत तर विहिरीपाशी पोचेपर्यंत लहान मुलं दमलेली असतात.

आता दगडाचं. तो वाळूच्या पट्टीच्या दक्षिण टोकाला खडकांत आहे आणि ओहोटीलाच नीट गाठता येतो. तिथल्या भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यांत वेळ बहुधा ग्रीनिच असते, जुलैमध्ये घड्याळ एक तास पुढे असतं. तक्त्याच्या खाली ते लिहिलेलं असतं ते वाचा, आणि वेळ ग्रीनिच असेल तर एक तास मिळवा. न मिळवता निघालेली माणसं ओहोटीच्या एक तास आधी पोचतात आणि ओल्या खडकांवर ताटकळतात. ओहोटी रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, तेव्हा 'काल चार वाजता होती' हा हिशेब चालत नाही. पौर्णिमा-अमावस्येनंतर एक-दोन दिवस उधाणाचे, तेव्हा पाणी सगळ्यात दूर जातं. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या, दिवसांत तेवढं ओसरत नाही.

निर्मळकर

वसईचा असल्याने पडकी चर्चं नवीन नाहीत, पण किल्ल्यातली सगळी पोर्तुगीज काळातली. आर्डमोरमधलं नेमकं किती जुनं आहे? सगळीकडे नुसतं 'प्राचीन' लिहिलेलं सापडतं.

चुनागच्ची

निर्मळकर, एका वाक्यात सांगता येणार नाही, कारण तिथे प्रत्येक भिंत वेगळ्या काळाची आहे.

प्रार्थनाखोली सगळ्यात जुनी धरतात, साधारण 8 व्या शतकातली. ती आतून जेमतेम चार मीटर लांब. दोन्ही टोकांना बाजूच्या भिंती थोड्या पुढे आलेल्या दिसतात. लाकडी बांधकामातल्या कोपऱ्याच्या खांबांची ती दगडातली नक्कल आहे, आणि आयर्लंडमधल्या सुरुवातीच्या दगडी चर्चांची ही खूण. छप्पर मात्र 1716 मध्ये बिशप टॉमस मिल्स यांनी नव्याने घातलेलं. आत जमिनीत एक खोल खड्डा आहे, तीच डेक्लनची समाधी. तो इतका खोल का, तर शेकडो वर्षं लोकांनी तिथली माती नेली म्हणून. ही माती घरात असली की आजार आणि आगीपासून राखण होते, अशी श्रद्धा.

कॅथेड्रलमध्ये मुख्य पाहायचं ते पश्चिमेकडच्या भिंतीचा बाहेरचा भाग. वर तेरा छोट्या कमानींची ओळ, खाली दोन मोठ्या अर्धवर्तुळाकार चौकटी. त्यात आदाम-हव्वा आणि मध्ये सापासह झाड, शलमोनाचा न्याय, बाळ येशूच्या दर्शनाला आलेले पूर्वेकडचे ज्ञानी पुरुष, वरच्या ओळीत आत्म्यांचं वजन करणारा मीखाएल. शैली 12 व्या शतकातली. पण शिल्पं कमानींत नेमकी बसत नाहीत, काही कडेला तोकडी पडतात, काही कोंबल्यासारखी वाटतात. त्यावरून ती आधी दुसरीकडे होती आणि नंतर या भिंतीत बसवली, असं मानतात. समुद्री वाऱ्याने ती फार झिजली आहेत. दुपारी डोक्यावरच्या उन्हात काहीच दिसत नाही. संध्याकाळी ऊन तिरपं झालं की आकृत्या उठून येतात.

आयरिश बखरींत 1203 साली आर्डमोरच्या एका बिशपच्या मृत्यूची नोंद आहे, त्याने तिथलं चर्च बांधून पुरं केलं असं त्यात म्हटलंय. आत दोन ओघम शिळा आहेत. दगडाच्या कडेवर आडव्या-तिरप्या रेघांनी लिहिण्याची ती आयर्लंडची सगळ्यात जुनी लिपी. म्हणजे कॅथेड्रल उभं राहण्याच्या कितीतरी आधी ही जागा माणसांच्या वावरातली होती.

मनोरा 12 व्या शतकातला, सुमारे 30 मीटर उंच, वर निमुळता होत जाणारा. बाहेरून तीन दगडी पट्टे फिरवल्याने त्याचे चार टप्पे दिसतात. दार जमिनीपासून साधारण चार मीटर वर आहे. हल्ल्याच्या वेळी शिडी वर ओढून घेत असत हे स्पष्टीकरण गाइड हमखास देतात. बांधकामाच्या नजरेने आणखी एक कारण आहे: इतक्या उंच आणि उथळ पायाच्या मनोऱ्याला तळाशी दाराचं भोक ठेवलं तर तिथेच कमजोरी येते. मनोरा घंटेसाठी होता. मौल्यवान वस्तू ठेवणं आणि संकटात आसरा घेणं हे उपयोग त्यासोबत आले. 1642 च्या युद्धात तिथे माणसांनी आसरा घेतला आणि वेढा पडला, हेही खरं.

राहिलं टेंपल डिझर्ट. संन्याशाची जागा जुनी, पण आज दिसणारं चर्च उत्तर मध्ययुगातलं. पश्चिमेची त्रिकोणी माथ्याची भिंत आणि दक्षिणेची भिंत बऱ्यापैकी उभी आहे, बाकी पायापर्यंत गेलेली. दगड ओबडधोबड, मनोऱ्यासारखे घडीव नाहीत. विहीर याच्या शेजारी. आपल्या डोळ्यांपुढे विहीर म्हटलं की आड किंवा पायविहीर येते, ही तशी नाही. झऱ्यावर बांधलेलं छोटं दगडी घरकुल, त्याला दोन बुटकी दारं, वाकून हात घालायचा तेव्हा पाणी लागतं. वर क्रूसावरच्या येशूच्या कोरीव आकृती बसवलेल्या आहेत, नाक-डोळे पार झिजलेले.

पाणवठा

लोककथांचा भाग मी घेते.

दगडाची कथा चरित्रातच आहे. डेक्लन वेल्समध्ये सेंट डेव्हिडकडे गेला होता. त्याच्याजवळ स्वर्गातून मिळालेली एक छोटी काळी घंटा होती. परतताना त्याचा सेवक ती किनाऱ्यावरच्या खडकावर विसरला. जहाज निघाल्यावर लक्षात आलं, डेक्लनने प्रार्थना केली आणि तो खडक घंटेसकट लाटांवर तरंगत जहाजाच्या पुढे निघाला. तो जिथे लागेल तिथे आपलं चर्च आणि तिथेच आपलं पुनरुत्थान, असं तो म्हणाला. खडक आर्डमोरला लागला.

भूशास्त्राच्या दृष्टीनेही हा दगड बाहेरून आलेलाच आहे. हिमयुगात बर्फाने वाहून आणून टाकलेला, खालच्या दोन खडकांवर टेकलेला, म्हणून मधे फट. खालच्या खडकाशी त्याची जात जुळत नाही हे लोकांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. कथेने त्याचं उत्तर दिलं.

त्या फटीतून सरपटत तीनदा गेलं की पाठदुखी आणि संधिवात जातो, असा समज. अटी दोन: पापी माणूस अडकतो, आणि अंगावर उसने कपडे असलेला माणूस पलीकडे जाऊ शकत नाही. दुसरी अट मला फार मोलाची वाटते. जत्रेला जाताना शेजाऱ्याचा कोट मागून घालणं ही गरिबांची रीत. या अटीने संताच्या पुढे सगळे आपापल्या कपड्यांतच उभे राहिले.

फेऱ्यांची पद्धत अशी. जत्रेची जुनी रीत आदल्या संध्याकाळपासूनची, म्हणजे 23 जुलैपासून. फेरी नेहमी सूर्याच्या चालीने, उजवा हात विहिरीकडे ठेवून. आपल्या प्रदक्षिणेचीच दिशा. आयरिश भाषेत या दिशेला 'देशल' म्हणतात. उलट दिशेने घातलेली फेरी शाप देण्यासाठी असते असं आयर्लंडभर मानतात, म्हणून जाणकार माणसं नवख्याला हळूच थांबवतात. प्रत्येक फेरीत 'हे आमच्या स्वर्गीय बापा', 'नमो मरिये' आणि शेवटी त्रैक्याचा महिमा. मोजणी चुकू नये म्हणून हातात खडे घ्यायचे आणि फेरीगणिक एक खाली टाकायचा. मग पाणी तीन घोट, किंवा दुखऱ्या अंगाला. शेवटी खड्याने दगडावर क्रूस ओढायचा. डिझर्टच्या भिंतींवर आणि विहिरीच्या दगडांवर असे क्रूस आहेत, काही इतके खोल की बोटाचं पेर बसतं. ते कोणी एकाने कोरलेले नाहीत, एकावर एक हात फिरून झालेले आहेत.

ही रीत सहजासहजी टिकली नाही. इंग्रजी अमलात 1704 मध्ये आलेल्या कायद्याने विहिरींवरच्या जत्रांना बंदी केली. जमणाऱ्याला 10 शिलिंग दंड, भरला नाही तर जाहीर फटके, आणि तिथे दारू-खाऊ विकणाऱ्याला 20 शिलिंग. लोक जातच राहिले. 19 व्या शतकात खुद्द कॅथलिक धर्मगुरूंनीच या जत्रांकडे पाठ फिरवली, कारण प्रार्थना झाली की दारू आणि मारामाऱ्या. बऱ्याच विहिरी तेव्हा ओस पडल्या. आर्डमोरची जत्रा टिकली.

मुळातून वाचायचं असेल तर आयरिश लोककथा आयोगाने 1937 ते 1939 मध्ये शाळकरी मुलांकडून गोळा केलेला संग्रह पाहा. सुमारे 5,000 शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्यांना विचारून वह्या भरल्या. सगळं 'दूखस' या संकेतस्थळावर फुकट आहे. गावाच्या नावाने शोधा, नुसतं 'पवित्र विहीर' म्हणून शोधलंत तर बुडून जाल. देशात अशा सुमारे 3,000 विहिरी आहेत.

निर्मळकर

पाणी खरंच पितात का अजून? आणि पवित्र विहिरीचं पाणी उकळत नाही म्हणतात ते इथलंही का?

पाणवठा

उकळत नाही, लाकूड जळत नाही, कोणी मळके कपडे धुतले तर विहीर रातोरात रस्त्यापलीकडे जाते, पाण्यात मासा दिसला तर आजारी माणूस बरा होतो: या कथा आयर्लंडभर फिरणाऱ्या आहेत, कुठल्याही विहिरीला चिकटतात. सगळ्यांचा अर्थ एकच, हे पाणी घरकामाला वापरू नका. झरा स्वच्छ ठेवण्याचा नियम कथेच्या रूपात सांगितला.

पिण्याबद्दल प्रणाली_जल सांगतील, त्यांचं ते क्षेत्र आहे.

प्रणाली_जल

पितात. मी मात्र सरळ सांगेन, न उकळता पिऊ नका.

उथळ झरा म्हणजे पावसाचं पाणी मातीतून फार न गाळता बाहेर येणारं. वर चराऊ कुरणं असली की गुरांच्या शेणातले जंतू त्यात उतरतात, ई-कोलाय आणि क्रिप्टोस्पोरिडियम दोन्ही. दुसऱ्यावर क्लोरीनचा फारसा परिणाम होत नाही, म्हणून क्लोरीनची गोळी टाकून भागत नाही. सगळ्यात वाईट वेळ म्हणजे कोरड्या आठवड्यानंतरचा पहिला जोरदार पाऊस. पाणी आरशासारखं नितळ दिसत असलं तरी त्याने काही सिद्ध होत नाही.

ओठांना लावणं, कपाळाला लावणं ठीक. डोळ्यांना लावायचं असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स असलेल्यांनी टाळा. घरी न्यायचं असेल तर उकळी फुटल्यावर किमान एक मिनिट खळखळू द्या, झाकून गार करा. लहान बाळं, गरोदर बायका आणि केमोथेरपी चालू असलेली माणसं यांच्यासाठी तेही नको.

पाण्यात नाणी टाकू नका. तांब्याचं नाणं गंजत जातं आणि ते पाण्यातल्या बारीक जिवांना घातक असतं. शिवाय नाणी उपसायला कोणी हात घातला की तळचा गाळ ढवळला जातो आणि झऱ्याचं तोंड बुजत जातं. फांद्यांना कापड बांधायची रीत ज्या विहिरींवर आहे तिथेही नायलॉन, पॉलिस्टर नको. मूळ समजूत अशी की चिंधी कुजते तसा आजार जातो. न कुजणारी चिंधी बांधून ती रीत पाळली जात नाही, आणि वाढत्या फांदीला फास बसतो तो वेगळाच.

रानवाट

क्रूस ओढायचा की नाही यावर स्पष्ट बोला. पाणवठा यांनी पद्धत दिली आहे, उद्या कोणी वाचून खडा घेऊन जाईल.

माझं मत: रीत जिवंत आहे म्हणूनच जागा जिवंत आहे. शे-दोनशे वर्षं लोकांनी ओढलेले क्रूस आपण 'वारसा' म्हणून जपतो आणि आजच्या भाविकाचा क्रूस मात्र 'नुकसान' ठरवतो, हे मला पटत नाही.

चुनागच्ची

प्रश्न रास्त आहे. उत्तर दगडात आहे.

जुन्या क्रूसाची खोबण पाहा. तळ गोलसर, कडा गुळगुळीत, आत दगडाचा तोच करडा रंग. शेकडो लोकांनी त्याच रेषेवरून खडा फिरवल्याने ती तशी झाली. आता नवी ओरखडलेली रेघ पाहा. पांढरट, तळ टोकदार, कडेला बारीक कपचे. दगडाच्या पृष्ठभागावर काळाने एक घट्ट साय धरलेली असते, नवी रेघ ती फोडते. तिथून पाणी आणि समुद्राचं मीठ आत शिरतं. पाणी वाळलं की मिठाचे खडे आतल्या आत फुगतात आणि पापुद्रा सुटतो. हळूहळू शेजारचा जुना क्रूसही त्याबरोबर जातो. नुकसान होतं ते परंपरेचंच.

शिवाय संरक्षित स्मारकाला ओरखडा काढणं आयर्लंडमध्ये कायद्याने गुन्हा आहे. मेटल डिटेक्टर घेऊन फिरणंही परवानगीशिवाय गुन्हा.

आपण बाहेरून आलेले. जुन्या क्रूसाच्या खोबणीतून नुसतं बोट फिरवावं, खडा नको. फेरी होते, दगडही राहतो.

रानवाट

बोटाचं मान्य. मीठ आत जाण्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता.

निर्मळकर

वसई किल्ल्यातल्या काही भिंतींवर दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, सिमेंटने भरलेल्या दिसतात आणि त्यांच्या कडेने दगड खवल्यासारखा सुटतो. हेच कारण का?

चुनागच्ची

तंतोतंत तेच. दोन्ही ठिकाणी खारा वारा, म्हणून लक्षण सारखं.

जुन्या भिंतीत पाणी शिरणारच. चुन्याच्या दर्जेतून ते बाहेर पडतं, चुना दगडापेक्षा मऊ असतो, झिजायचं काम तो करतो. सिमेंट दगडापेक्षा कडक आणि पाणी अडवणारं. मग पाणी दगडाच्या तोंडातून बाहेर पडतं, मीठ तिथे साचतं, आणि दर्जा टेचात उभ्या राहून मधला दगड खोल जातो.

योग्य काम असं: सैल झालेला भाग हाताच्या छिन्नीने काढायचा, ग्राइंडर अजिबात नाही. खोली दर्जेच्या रुंदीच्या किमान दुप्पट. धूळ झाडून दर्जा ओली करायची, नाहीतर कोरडा दगड चुन्यातलं पाणी शोषून घेतो आणि भरलेलं भुरभुरीत होतं. मिश्रण एक भाग चुना, अडीच ते तीन भाग धुतलेली खरबरीत वाळू. किनाऱ्यावरची वाळू नको, मीठ तिच्यातूनच येतं. भरून झाल्यावर किमान आठवडाभर ओल्या गोणपाटाने झाकायचं. आयर्लंडमध्ये पारा 5 अंशांखाली जाण्याचा संभव असेल तर काम घेतच नाहीत, त्यामुळे मोसम एप्रिल ते सप्टेंबर. वसईत उलट अडचण, उन्हाने लवकर वाळतं, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये सावली धरावी लागते.

आणि वेल. भिंतीवरची आयव्ही ओढून काढू नका, तिची मुळं दर्जेत गेलेली असतात, वेलीबरोबर दगड येतो. शिवाय पक्ष्यांच्या विणीमुळे 1 मार्च ते 31 ऑगस्ट अशी झाडोरा तोडायला आयर्लंडमध्ये बंदी आहे. जुलैच्या जत्रेआधी उत्साहाने साफसफाई करणारी मंडळी नेमकी इथे अडकतात.

पिंपळपान

क्रूसांचे फोटो नीट येत नाहीत, सपाट दिसतात. काही युक्ती? खडूने रेषा भरल्या तर?

चुनागच्ची

खडू, पीठ, कोळसा, काहीही नको. खडूचे कण खोबणीत राहतात आणि पुढे कोणी ती झीज मोजायला गेला तर फसतो.

कॅमेरा तिकाटण्यावर, भिंतीला काटकोनात. टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवून, 10 ते 15 अंशांच्या कोनात बाजूने मारा. एक फोटो डावीकडून, एक वरून, एक उजवीकडून. एकाच दिशेने प्रकाश टाकला तर त्याच दिशेला समांतर रेघ दिसतच नाही, क्रूसाचा एक हात गायब होतो. मापासाठी शेजारी पट्टी धरा, दगडाला चिकटवू नका. त्रिमिती मॉडेल करायचं असेल तर लागोपाठच्या फोटोंत 70 टक्के भाग सामाईक राहील असं सरकत जा, आणि ढगाळ दिवस निवडा.

सह्यकडा

वयस्कर माणसांना नेता येईल का? आणि कॅशेलहून चालत येणारी वाट कशी आहे?

ओहोटी_भरती

विहिरीपर्यंत हो. हॉटेलापर्यंत गाडी जाते, पुढे थोडा चढ आणि अरुंद वाट. पावसानंतर चिखल होतो, चांगल्या तळाचे बूट हवेत, काठी असेल तर उत्तम. विहिरीच्या दाराशी वाकावं लागतं, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबतच्या माणसाकडून ओंजळीत पाणी घ्यावं. पुढचा कड्याचा भाग मात्र त्यांना करायला लावू नका, तिथे कठडा सगळीकडे नाही. किनाऱ्यावरच्या दगडाखाली तर कोणालाच आग्रह नको. फट बुटकी, खाली शेवाळ, आणि अडकलेल्या माणसाला मागे ओढताना बरगड्यांना लागतं.

कॅशेल ते आर्डमोर ही 'सेंट डेक्लन्स वे' नावाची चालायची वाट, सुमारे 115 किलोमीटर, केहर, आर्डफिनन, लिस्मोर, कॅपोक्विन यांच्यावरून. साधारण पाच टप्पे. नॉकमीलडाउन डोंगर ओलांडण्याचा टप्पा सगळ्यात कठीण, तिथे धुकं उतरलं तर खुणेचे खांब दिसत नाहीत, म्हणून फोनमध्ये नकाशा उतरवून ठेवा. जत्रेच्या आठवड्यात पोचायचं असेल तर आर्डमोरमधली राहायची सोय वसंतातच करून ठेवा, गाव छोटं आहे, खोल्या मोजक्याच.

सह्यकडा

24 जुलैला ओहोटी दुपारची नसेल तर दगडाचं काय करायचं?

पाणवठा

क्रम समुद्र ठरवतो. ओहोटी सकाळची असेल तर दगड आधी, मग टेकडी, मग विहीर. संध्याकाळची असेल तर विहिरीपासून सुरू करून दगड शेवटी. वेळ जुळलीच नाही तर त्या वर्षी दगडाला लांबून नमस्कार करा.